मुलगी दहावीला आहे आणि गावाकडून स्थळ आलंय, सासरी खरंच शिकू देतात का?

विक्रोळीची_आई

नमस्कार. बरेच महिने नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही विक्रोळी पार्कसाईटला राहतो. मिस्टरांचा टेम्पो आहे, मी सकाळी दोन घरी पोळ्या-भाजीला जाते आणि दुपारी घरी फॉल-पिको करते. मोठी मुलगी दहावीला, जानेवारीत सोळा पूर्ण होतील. माझं सासर बीडकडचं. दिवाळीला गावी गेलो होतो तेव्हा मोठ्या जाऊबाईंच्या माहेरची माणसं आली, सहज आलो म्हणाले, पोरीने पाणी दिलं, चहा दिला, तिला माहीतसुद्धा नव्हतं की ते बघायला आलेत (मला होतं, खोटं कशाला बोलू). मुंबईत परत आलो आणि तिसऱ्या दिवशी फोन, की पोरगी पसंत आहे, हुंडाबिंडा काही नको, दहावीचे पेपर झाले की उन्हाळ्यात उरकून टाकू, आणि पुढे शिकायचं असेल तर आम्ही शिकवू, आमची सून शिकली तर आमचंच नाव. मुलगा २४ चा, स्वतःचं पिकअप, चार एकर रान.

आता मिस्टर अगदीच चुकीचं बोलतात असं मलाही वाटत नाही, हे आधीच सांगते. आमची खोली दहा बाय बारा. आम्ही दोघं बाहेर, पोरगी शाळेतून आल्यावर एकटी, धाकटा क्लासला. मागच्या वर्षी आमच्याच गल्लीतली एक मुलगी अकरावीला असताना कुणाबरोबर तरी निघून गेली, तिच्या बापाने चार महिने मान वर केली नाही, शेवटी खोली विकून टिटवाळ्याला गेले. तेव्हापासून मिस्टरांची झोप उडालीय. ते म्हणतात, कॉलेजात घातली तर घाटकोपर नाहीतर मुलुंड, ट्रेनने जाणार, मी टेम्पोवर, तिच्यावर लक्ष कोण ठेवणार. आणि जास्त शिकली तर आपल्यात तेवढा शिकलेला पोरगा मिळत नाही, मिळाला तर तो गाडी मागतो. सासरे सारखं म्हणतात माझे डोळे मिटायच्या आत नातीचे हात पिवळे झालेले बघू द्या.

माझं स्वतःचं लग्न सतराव्या वर्षी झालं, नववी पास. माझं काही वाईट झालं नाही. पण मला बँकेत स्लिप भरायला अजून पोरीला न्यावं लागतं.

तर माझा प्रश्न एवढाच आहे की "लग्नानंतर शिकवू" असं म्हणणाऱ्यांनी खरंच शिकवलंय असं कोणाच्या बाबतीत झालंय का? खरं खरं सांगा.

---

१७_नंबर_फॉर्म

ताई, झालंय की. माझ्याच बाबतीत झालं. फक्त सतरा वर्षं लागली.

२००१ ला माझं लग्न, मी सोळाची, दहावीला ६४ टक्के. आमच्याकडेही हेच शब्द, शिकवू. मी बारावीपर्यंतची जुनी पुस्तकं मैत्रिणीकडून मागून रुखवताच्या ट्रंकेत खाली घालून नेली होती. आता ऐका, नाही असं मला आजपर्यंत कोणी म्हणालेलं नाही. सासू नाही म्हणाली नाही, नवरा नाही म्हणाला नाही. हो पण कोणी म्हणालं नाही. जून आला तर म्हणे पहिलं वर्ष आहे, सणवार होऊ देत, मग अधिक महिना, मग गौरी, मग नणंदेचं बाळंतपण, पुढचा जून आला तेव्हा मी स्वतःच पोटुशी. पुस्तकं ट्रंकेतच, नंतर त्यातल्या भूगोलाच्या पुस्तकाची पानं बाळाच्या लंगोटाखाली घातलेली मला आठवतायत.

माझा शाळा सोडल्याचा दाखला सासूबाईंच्या स्टीलच्या डब्यात होता, रेशनकार्ड, एलआयसीच्या पावत्या आणि हळदी-कुंकवाच्या पुड्या सगळं एकत्र. एकदा त्यात तेल सांडलं. मी २०१८ ला, मुलगा नववी पास झाल्यावर, तो डबा उघडून दाखला काढला तर बरोब्बर जन्मतारखेवर पिवळा डाग, आरपार. मग १७ नंबरचा फॉर्म (कॉलेजला न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा) भरून मार्च २०१९ ला बारावी दिली. मुलाची दहावी आणि माझी बारावी एकाच महिन्यात, घरात एकच ट्यूबलाईट, सासूबाई म्हणाल्या आता हीच उरली होती बघायची. मला ५१ टक्के पडले.

तुम्हाला एकच सांगते. "शिकवू" म्हणतात ना, त्यांना विचारा कुठल्या कॉलेजात, सकाळचं की दुपारचं, आणि ती कॉलेजात असेल तेव्हा भाकऱ्या कोण थापणार. भांडायचं नाही, साधं विचारायचं.

---

टॉवर_वाला

मला खरंच धक्का बसला वाचून. मुंबईत राहून अजून १६ व्या वर्षी लग्न? मला वाटायचं हे सगळं राजस्थानात वगैरे होतं.

---

खडू_फळा

टॉवरवाले दादा, जरा खाली उतरा :) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ चं काढून बघा, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पाचातली एक. देशाचा आकडा २३.३, म्हणजे आपण काही फार पुढारलेले नाही. लग्न लागतं गावाला, मुलगी असते मुंबईच्या शाळेतली. मुंबईत मांडवच पडत नाही म्हणून तुम्हाला दिसत नाही.

मी गोवंडी-मानखुर्द पट्ट्यात अनुदानित शाळेत एकोणीस वर्षं शिकवतेय. विक्रोळीच्या ताईंना थोडं वेगळं सांगायचंय. सगळे म्हणतात लग्न झालं म्हणून शिक्षण सुटलं. मी जे बघते ते बहुतेक उलटं असतं. आधी शाळा सुटते. म्हणजे बघा, महापालिकेची प्राथमिक शाळा घराजवळ असते, माध्यमिक लांब, तिथे पहिली गळती. मोफत सक्तीच्या शिक्षणाचा कायदाही १४ वर्षांपर्यंतच धरतो. मग आई कामाला म्हणून धाकट्याला सांभाळायला सोमवारी दांडी, पाणी दुपारी येतं म्हणून मंगळवारी दांडी, शाळेच्या संडासाला कडी नाही म्हणून महिन्यातले चार दिवस दांडी. नववीत दोन विषय राहतात. मग बाप म्हणतो डोकं नाही तिला, कशाला पैसे घालवा. मुलगी घरी बसते. आणि घरी बसलेली मुलगी म्हटल्यावर वर्षाच्या आत स्थळ येतंच, कारण नातेवाइकांना ते बघवत नाही, "काय करते?" "घरीच असते." हे उत्तर एकदा दिलं की संपलं.

दहावीचा निकाल आणि अकरावीचा प्रवेश यातला जो दीड-दोन महिन्यांचा काळ असतो ना, तो फार वाईट. त्याच सुट्टीत गावाला नेतात. जूनमध्ये माझ्या वर्गातल्या दोन-तीन मुली अशा असतात की गुणपत्रिका न्यायला त्या येत नाहीत, भाऊ येतो.

एक प्रसंग सांगते, नाव-गाव नाही. एक वडील एप्रिलमध्ये दाखला मागायला आले, पेढ्याचा पुडा घेऊन. अजून निकाल नाही आणि पेढे कसले? हळूच म्हणाले मॅडम, जन्माचं साल तेवढं दोनने मागे करून द्या, आधारवर पण करून घेतो मग. चांगले गृहस्थ हो, दर पालकसभेला येणारे, मुलीला नवीन कंपास घेऊन देणारे. मी म्हटलं तारीख बदलत नाही. ते बसून राहिले. मग म्हणाले, मॅडम मी रात्रपाळीला असतो, आमच्या दारावर पोरं शिट्ट्या मारतात, तुम्ही येणार का रात्री राखायला? मला उत्तर देता आलं नाही. खरंच नाही आलं. त्या मुलीचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे पण इथे लिहीत नाही.

ताई, व्यवहाराचं बोलते. अकरावीचा फॉर्म भरून टाका, २०२५ पासून सगळ्या राज्यातच ऑनलाइन झालंय, पहिल्या फेरीतच नाव लागू द्या. सरकारी-अनुदानित ठिकाणी मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फी नाही. पुढे डिप्लोमा, फार्मसी, इंजिनिअरिंग असल्या कोर्सला, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारी फेरीतून घेतला असेल तर मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी जुलै २०२४ च्या निर्णयाने माफ झालीय, प्रवर्गाचे आणि उत्पन्नाचे कागद आत्तापासून काढून ठेवा, सेतूत जूनमध्ये मरणाची गर्दी असते. आणि एक गुपित, प्रवेश झाला की मूळ दाखला कॉलेजात जमा होतो. गावाकडून फोन आला की म्हणायचं, कागद अडकलेत, बारावीशिवाय सुटत नाहीत. मोठमोठ्या भाषणांपेक्षा हे जास्त चालतं, मी चालताना बघितलंय.

---

बाप_माणूस

सगळे मिळून आईबापाला राक्षस ठरवू नका. मी आष्टी तालुक्यातला, २६ वर्षं झाली मानखुर्दला, सोसायटीत वॉचमन आहे. मॅडमनी ते शिट्ट्यांचं सांगितलं ते बरोबर आहे. पोरगी म्हणजे जोखीम असं म्हणतात, शब्द वाईट आहे पण रात्री बारा तास दुसऱ्याच्या गेटवर बसून आपलं दार कोणी वाजवत नसेल ना हा विचार करणाऱ्याला तो शब्द कळतो.

आमच्याकडे हे का होतं तेही ऐका. ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम म्हणजे मजुरांची टोळी नेणारा, तो उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्यावर देतो. एकट्या पोराला अर्धाच कोयता धरतात. मग दसऱ्याच्या आधी पोराचं लग्न उरकायची घाई, पोरगी किती वर्षांची आहे ते नंतर. कारखान्याच्या गेटावर लागलेली लग्नं मी बघितलीत, गेटकेन म्हणतात आमच्याकडे त्याला. आणि आईबाप सहा महिने कारखान्याला जाणार, वयात आलेली पोरगी मागे म्हाताऱ्यापाशी ठेवणार? किंवा बरोबर नेणार, पालावर, संडास नाही, दार नाही? बाप म्हणतो त्यापेक्षा देऊन टाकतो, निदान तिचा माणूस तिच्याजवळ असेल. हे काही मागासलेपणाने नाही होत, हिशोबाने होतं.

मला दोन मुली. मोठीचं सतराव्या वर्षी केलं, खोटं बोलत नाही. धाकटीच्या वेळेला मुंबईत रुळलो होतो, तिने नर्सिंग केलं, आता नोकरीला आहे. मोठीचं चांगलं चाललंय, जावई दारू पीत नाही, दोन नातवंडं आहेत. पण धाकटी घरी आली की मोठी तिच्याशी फार बोलत नाही. का ते मी विचारलेलं नाही.

ताई, एक विचारतो. पोराकडचे तोडीला जातात का?

---

विक्रोळीची_आई

दादा, स्वतः तोडत नाहीत. मुलाचा बाप मुकादम आहे, पिकअप त्यांच्याच टोळीच्या कामाला लागते.

---

बाप_माणूस

मग मुकादमाची सून फडात जाणार नाही सहसा. पण दिवाळीनंतर घरचे मार्चपर्यंत कारखान्यावर, ती पण तिथेच, माणसांचा स्वयंपाक काय कमी असतो का. कॉलेज गावात, पोरगी पश्चिम महाराष्ट्रात. ते खोटं बोलत नसतील हो, त्यांनी एवढा विचारच केला नसेल. तुम्हीच हिशोब करा.

---

कोर्ट_नाका

कायदा कोणीच लिहिला नाही म्हणून लिहितो. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६, मुलगी १८, मुलगा २१. मुलगा २४ चा आहे म्हणजे तोही आरोपी, आईबाप, लग्न लावणारा भटजी, जमलेले लोक सगळे येतात, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बायकांना कैद होत नाही, दंड होतो. झालेलं लग्न मुलीला स्वतःला कोर्टातून रद्द करून घेता येतं, अठरा पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. गावात ग्रामसेवक हा प्रतिबंध अधिकारी असतो, आणि १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन केला तर मांडवातसुद्धा येऊन थांबवतात.

आणि लोकांना जे माहीत नसतं ते असं की बायको अठराच्या आतली असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच, सुप्रीम कोर्टाने २०१७ ला स्पष्ट केलंय. बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात नेली, आधारवर वय कमी दिसलं की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. नवरा आत. हे मी माझ्या डोळ्याने बघितलंय, मुलगा बाहेर बाकावर बाळाचे कपडे मांडीवर घेऊन बसलेला आणि हवालदार आला.

---

१७_नंबर_फॉर्म

वकीलसाहेब बरोबर आहे पण ताईने काय नवऱ्यावर केस करायची का? त्यांना घरात राहायचंय. कायदा धाक दाखवायला ठीक आहे, तो सासऱ्यांना दाखवा.

---

कोर्ट_नाका

तेच म्हणतोय. धाक दाखवायलाच लिहिलंय. शिवाय केस करायला सांगितलं नाही, १०९८ सांगितलं.

---

ओव्हल_कट्टा

थोडं अवांतर, पण मुंबईच्या धाग्यावर हे यायलाच हवं. आपल्या याच हायकोर्टात रखमाबाईंची केस चालली होती. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, सासरी नांदायला गेल्याच नाहीत, माहेरी राहून वाचत-शिकत बसल्या. नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, १८८४ ला दावा लावला. १८८७ ला कोर्टाने सांगितलं की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या तुरुंग चालेल. शेवटी १८८८ ला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि बाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या, सुरतेला आणि राजकोटला कित्येक वर्षं दवाखाने चालवले.

मला यातली गंमत वाटते ती अशी की तेव्हा त्यांच्या विरोधात जे लिहून यायचं, खुद्द टिळकही विरोधातच होते, त्याचा सूर काय तर मुलगी शिकली म्हणून असं झालं. आज आमच्या सोसायटीतले काका हेच म्हणतात, शिकली की ऐकत नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, वाक्य तेच. १९२९ चा शारदा कायदा चौदाचा होता, अठरा व्हायला १९७८ उजाडलं, आणि २०२१ ला एकवीस करायचं विधेयक आलं ते तसंच बारगळलं. माझं मत विचाराल तर वय कागदावर वाढवून काही होत नाही, वर मॅडमनी कडी नसलेल्या संडासाचं लिहिलंय ते आधी.

---

विक्रोळीची_आई

सगळ्यांचे आभार, उशीर झाला, मधे धाकट्याला ताप होता.

१७ नंबरवाल्या ताईंनी सांगितलं तसं केलं. जाऊबाईंना फोन लावला, त्यांनी मुलाच्या आईला जोडून घेतलं, मिस्टर जेवत होते म्हणून मी मुद्दाम स्पीकरवर ठेवला. म्हटलं बाई, तुम्ही शिकवणार म्हणालात, खूप बरं वाटलं, कॉलेज कुठलं बघितलंय? त्या म्हणाल्या आहे की तालुक्याला. म्हटलं जायला? म्हणाल्या एसटी येते सकाळी. म्हटलं आणि दिवाळीनंतर तुम्ही कारखान्यावर जाता तेव्हा? तर थोडा वेळ काहीच नाही, मग म्हणाल्या, अगं पोरीच्या जातीला एवढं काय, परीक्षेपुरती येईल की. आणि मग लगेच विषय बदलला, पावसाचा.

मिस्टर काही बोलले नाहीत. ताटात हात धुतला, जे ते कधी करत नाहीत. रात्री म्हणाले दहावी तरी होऊ दे. बस एवढंच. लग्न करायचं नाही असं म्हणाले नाहीत, मी पण विचारलं नाही. सासऱ्यांना वकीलदादांचं ते एक लाखाचं सांगितलं, ते म्हणाले आमच्या वेळी नव्हतं असलं काही. पण फोन ठेवताना विचारत होते की खरंच लाख का.

पोरीला सगळं माहीत होतं. चहा दिला तेव्हाच कळलं होतं म्हणाली, ती माणसं माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या पायाकडे बघत होती. मला इतके दिवस वाटत होतं तिला कळलं नाही. आता विज्ञानाच्या जर्नलला कव्हर घालत बसलीय, ब्राऊन पेपर संपलाय म्हणून मलाच ओरडतेय.

खडू_फळा मॅडम, उत्पन्नाच्या दाखल्याला टेम्पोवाल्याला काय लागतं? पगाराची पावती नसते आमच्याकडे.

आणि १७ नंबरवाल्या ताई, तुमचा तो डाग पडलेला दाखला चालला का बोर्डाला?

---

खडू_फळा

तहसीलचा उत्पन्नाचा दाखला निघतो स्वयंघोषणापत्रावर, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, बाकी काय लागतं ते सेतूतच सांगतील. मंगळवारी सकाळी जा, सोमवारी नको.

---

१७_नंबर_फॉर्म

नाही चालला. शाळेतून दुसरी प्रत काढावी लागली, स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, तीन चकरा. क्लार्क म्हणाला बाई, दाखला कशाने खराब झाला ते कारण लिहा. मी लिहिलं हळद.